शक्तीबाबांचं हत्ती-यंत्र

"हत्ती! हत्ती!" शिंप्याच्या दुकानात एकच गलका झाला.

शिंपी म्हणजे माझे दाजी, ताईचे यजमान. त्यांना मोटर न्यूरॉनचा आजार जडला होता. त्यात मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशीच झिजतात. दाजींना कात्रीसुद्धा धरवेना. आणि लहरींनी उपचार करणाऱ्या शक्तीबाबांच्या जोर मोजायच्या पेटीवरची दांडी त्यांनी दाबली, तर तबकडीवरचा काटा थेट हत्तीच्या चित्रावर! पहिल्या आठवड्यात तो मुंगीवर होता; मग उंदीर, बकरी, बैल.

"विश्वलहरी नसानसांत भिनल्या!" बाबा गरजले. "आता दवाखान्याची मोजमापं कशाला?"

दाजी तीन महिने दवाखान्यात फिरकलेच नव्हते. म्हणून तिथली फिजिओथेरपिस्ट आज स्वतःच आली होती.

"काका, हत्ती झालात, छान! जरा सदऱ्याचं हे वरचं बटण लावा."

दाजींची बोटं झटली, पण बटण काजात जाईना.

"हत्तीला बटणं कुठे असतात?" बाबा म्हणाले. लोक खिदळले.

"बरं, एका श्वासात आकडे मोजा."

दाजी अकरावर थांबले.

"मागे बावीस झाले होते," ती वही पाहून म्हणाली. ताईचं हसू मावळलं.

"लहर आधी हातात उतरते, छातीत नंतर!" बाबांनी ठोकून दिलं.

तिने ताईकडून दोन किलो साखरेची पिशवी मागून दांडीवर ठेवली. काटा हत्तीवर!

"साखरेतही लहर भिनली वाटतं," मी म्हणालो.

बाबा घाईघाईने पेटी उचलू लागले.

"थांबा," दाजी म्हणाले. "अगं, मशीनचा पेचकस आण."

ताईने पेटीचा तळ उघडला. आत एक लुळी स्प्रिंग. बाबांच्या झोळीत आणखी चार निघाल्या, एकीपेक्षा एक कडक. दर आठवड्याला बाबा आधीपेक्षा सैल स्प्रिंग बसवायचे. दाजींचा जोर वाढत नव्हता, पेटीच नरमत होती!

बाबा डाव्या पायात उजवी चप्पल घालून पसार झाले.

"म्हणजे मी उतरणीलाच लागलोय," दाजी पुटपुटले.

"हो, काका." ती त्यांच्याजवळ बसली. "पण किती वेगाने, ते कळलं तर श्वासाचं यंत्र वेळेवर देता येतं. दम कमी लागतो, झोप नीट लागते."

दाजींनी डोळे पुसले. "मग घे माप, पोरी. खरं घे."

मंडळी, खरा आकडा कडू असतो, पण पुढची तयारी त्याच्याच भरवशावर होते. कुणी चमत्कार मोजून दाखवला, तर आधी त्याचं मोजायचं यंत्र उघडून पाहा.