गुंड्या लावलेलं घर

तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेल्या आत्यांना आता माणूस म्हणजे सावली आणि भिंत म्हणजे मोठी सावली, एवढंच दिसत होतं. भाचा घरं सजवण्यातला नामांकित शहाणा. त्यानं आत्यांचं घर 'वापरणाऱ्याच्या गरजेभोवती' घडवून बक्षिसाला पाठवायचं ठरवलं. गरजांचा चौऱ्याऐंशी प्रश्नांचा फॉर्म त्यानं आत्यांसमोर बसून भरला. स्वतःच.

"अरे, मला विचार तरी."

"तू गोंधळशील, आत्या. मी अभ्यास केलाय."

अभ्यासाचं फळ दोन महिन्यांत लागलं. दारांच्या मुठी गेल्या, कपाटांच्या कड्या गेल्या, स्विच औषधालाही उरला नाही. घर सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत झालं. योग्य जागी दाबलं की दार उघडे. योग्य जागा एका देवाला ठाऊक. दिवे बोलून लावायचे. सकाळी आत्यांचा घसा बसलेला असला की घर अदबीनं सांगे, "आपली ओळख पटली नाही." दिव्यांचं आत्यांना सोयरसुतक नव्हतं. दोनदा कपाटाला दार समजून धडकल्या, त्याचं होतं.

"महिनाभर बघू," भाचा म्हणाला, "नाही जमलं तर कायमची आमच्याकडे ये. आई वाटच बघतेय."

भावजय वाट बघतेय, यात आत्यांना शंका नव्हती. मांजर उंदराची बघतं तशी. त्या घरात पाणी प्यायलं तरी पेला कुठे ठेवला याची चौकशी होई.

आत्यांनी शिवणाचा डबा काढला आणि कपाटं बसवणाऱ्या सुताराला बोलावलं.

"बाई, साहेब माझी मान कापतील."

"त्याला मापं घेता येत नाहीत. चिकटव तू."

दोन भोकांची गुंडी संडासाला, चार भोकांची बाहेरच्या दाराला, कोटाची जाडजूड स्वयंपाकघराला. सगळ्या कमरेच्या उंचीवर. आत्या त्या दिवसापासून घरात तुरुतुरु फिरू लागल्या.

महिना भरला त्याच दिवशी परीक्षकबाई आल्या. गुंड्या बघून भाच्याचा चेहरा उतरला. बाईंनी मात्र डोळे मिटले, भिंतीवरून हात फिरवला, जाडजूड गुंडी दाबली आणि थेट स्वयंपाकघरात पोचल्या.

"हे कुणाला सुचलं?"

भाचा लगबगीनं पुढे झाला. "सखोल अभ्यास आहे, मॅडम. प्रश्न क्रमांक सदतीस."

आत्यांनी गुंड्यांचं श्रेय त्याला खुशाल घेऊ दिलं. उष्ट्यावर कोण भांडतं? "म्हणजे मला इथेच राहायला जमतंय, असं धरू ना? बाईंसमोर सांग."

"अर्थात, आत्या. हे घर तुझ्यासाठीच आहे."

"भावजयीलाही कळव."

फोटो बघायला घेतलेला भाच्याचा फोन हातात तसाच घेऊन परीक्षकबाई निघाल्या. त्यांच्यामागे बाहेरचं दार आपोआप मिटलं आणि भिंतीत भिंत झालं. भाचा या घराची दारं फोनवरूनच उघडत आलेला. बाईंना गाठायला त्यानं इथे दाबलं, तिथे दाबलं, खांदा लावला. अखेर एक गुंडी दाबली तसं दार उघडलं आणि तो घाईघाईनं संडासात शिरला.

आत्या खुर्चीत सुईत दोरा ओवत होत्या, चाचपून.

"ती दोन भोकांची," त्या म्हणाल्या. "गोंधळू नकोस. चार भोकांची शोध."