सहा महिन्यांची मुदत

सेलूच्या वहिदाचा नवरा यासीन शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. साडेपाच वर्षांपूर्वी जाम गावाला एका गिऱ्हाइकाची मशीन बघायला गेला, तो परत आलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाइकांनी दवाखाने, दर्गे पालथे घातले. पत्ता लागला नाही.

चार वर्षं उलटल्यावर वहिदानं वर्ध्याच्या कोर्टात निकाह मोडण्याचा अर्ज केला. यासीनच्या थोरल्या भावालाही नोटीस गेली. "आमाले त्याची काही खबर नाई," एवढंच तो बोलला. निकाल वहिदाच्या बाजूनं लागला.

तिच्या वकील नंदिनीताईंनी समजावलं, "हा निकाल सहा महिन्यांनी लागू होईल. त्याआधी ते आले आणि संसाराला तयार झाले, तर कोर्ट तो रद्द करेल."

"आन् नाई आले त?"

"मग तुम्ही मोकळ्या."

"म्हणजे ते मेले?"

"नाही. तसं धरायला सात वर्षं लागतात. घर तोवर त्यांच्याच नावावर."

गेल्या पाच वर्षांत आठवला नसेल इतका यासीन त्या सहा महिन्यांत तिला आठवला. दुरुस्त झालेली मशीन तो चिंधीवर चालवून बघायचा. टीप सरळ आली की चिंधी तिच्या हातात द्यायचा आणि ती काय म्हणते याची वाट बघायचा. उन्हाळ्यात दोघं ओट्यावर बसून कैरी खायचे. मीठ तोच संपवायचा.

शेजारच्या गोपिकाबाई भाजी विकून परतल्या की वहिदा दारातच दिसायची.

"काऊन वो, बस आली का दारात येऊन उभी राह्यतं? अर्ज त तूच केलता."

"केलता, काकू. पण आला त काय बोलू त्याच्याशी?"

"पहिले जेवाले वाढजो. बोलणं मंग."

वहिदा हसली आणि तिथंच पदरानं डोळे पुसू लागली. गोपिकाबाई टोपली उतरवून तिच्याजवळ बसल्या.

मुदत सरली. यासीन आला नाही. मौलानांनी सांगितले तेवढे इद्दतीचे, म्हणजे दुसऱ्या लग्नाआधी थांबायचे, दिवस वहिदानं पाळले. मग बोरगाव मेघेच्या इक्बाल मास्तरांचं स्थळ आलं. त्यांची बायको रुकय्या तीन वर्षांपूर्वी वारली होती.

होकार देण्याआधी वहिदानं त्यांना विचारलं, "मी कधी यासीनचं बोलली, त तुमाले चालन?"

"मी बी रुकय्याचं बोलत राह्यतो," मास्तर म्हणाले. "ऐकाले कोणी नसते."

पुढच्या शुक्रवारी निकाह झाला.