पहिली खुर्ची उस्तादाची

दूधवाल्याने दूध घट्ट दिलं, तरी हनुमान सुताराला शंका यायची की आज यात काय कालवलं असेल. पातळ दिलं, तर मग विचारायलाच नको. अशा माणसाने चाळिशीत गुरू करावा, आणि तोही जलालुद्दीन मिस्त्रीसारखा मोजून बोलणारा, म्हणजे पुढचं सगळं ओघानं आलंच.

गेवराईत मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान होतं. खिळा नाही, सरस नाही, नुसतं लाकडात लाकूड बसवून तो खुर्च्या करायचा आणि बैठक काथ्याने विणायचा. त्याच्या बापाने केलेल्या खुर्च्या अजून कित्येकांच्या ओसरीवर होत्या. तिन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, आणि मिस्त्रीच्या मागे हे काम करणारं तालुक्यात कुणी उरलं नव्हतं. हनुमान जातीने सुतार, पण गाड्या-नांगरांचं काम बापाबरोबरच संपलेलं. तो प्लायवूडची कपाटं ठोकायचा आणि दोन पावसाळ्यांत ती फुगायची. शिव्या खाऊन खाऊन त्याचा जीव विटला होता. आपल्यामागे टिकेल अशी एक तरी वस्तू आपल्या हातून व्हावी, एवढंच त्याला हवं होतं.

"सुताराच्या पोटचा तू, अन् सुतारकी शिकाया मुसलमानाच्या दारात?" मेहुणा रामकिसन म्हणाला. "त्यो त्याचं खरं कसब तुला देईल व्हय?"

हनुमानने त्याला गप्प केलं खरं, पण किडा शिरायचा तो शिरलाच.

पहिल्याच दिवशी मिस्त्रीने रीत सांगितली. "पहिली खुर्ची उस्तादाची. तू केलेली पहिली खुर्ची एक उन्हाळा हितंच ऱ्हाईल. मी बसणार तिच्यावर. पाऊस लागला की घरी न्यायची."

"कावून?"

"बसल्याबिगर कळंल कसं?"

हनुमानने मान हलवली आणि मनात म्हटलं, चेल्याकडून फुकट खुर्ची लाटायची ही युक्ती बरी आहे.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. वाकसाने तासणं, रंधा मारणं, गिरमिटाने भोक पाडणं, सगळं मिस्त्री करून दाखवायचा. बोलून काही सांगायचा नाही. लाकूड निवडताना तुकडा गालाला लावायचा, डोळे मिटायचा आणि या नाहीतर त्या ढिगात ठेवायचा. काय पाहता, असं हनुमानने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "कळंल." ज्याला सांगायचं नसतं तो असंच म्हणतो, हे हनुमानने ओळखलं. शिवाय स्वतःच्या खुर्च्यांचं लाकूड मिस्त्री घरातल्या खोलीत पोत्यांत गुंडाळून ठेवायचा. अस्सल माल तिथेच असणार, हेही त्याने ठरवून टाकलं.

शिवरात्रीच्या सुमारास मिस्त्रीने त्याला पहिल्या खुर्चीचं लाकूड काढून दिलं. पायांसाठी चार तुकडे बाभळीचे, नुकते तोडलेले, हाताला गार लागणारे. पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांसाठी पत्र्यावर महिनोन्‌महिने तापून खडखडीत झालेली लाकडं.

"चाचा, पाय वल्ले हायेत."

"आसू दे. तसलेच पायजेत."

हनुमानचा जीव जळला. वजन पेलायचं पायांनी, आणि त्यांनाच कच्चं लाकूड? दांड्यांना चुलीत घालायच्या लायकीचं सरपण? आपली खुर्ची तडकावी आणि चार लोकांत हसं व्हावं, म्हणूनच म्हाताऱ्याने हा उकिरडा पदरात घातला, याबद्दल त्याला आता शंका उरली नाही.

त्याच आठवड्यात मिस्त्री भाचीच्या लग्नाला चार दिवस बीडला गेला. जाताना दुकान हनुमानवर सोपवून गेला. हनुमानने बापाच्या मोडक्या बैलगाडीचं वाळलेलं बाभूळ घरून आणलं आणि त्याचे पाय केले. मिस्त्रीने दिलेलं ओलं लाकूड चिरून दांडे केले. पत्र्यावरची लाकडं खरंच चुलीत घातली. दांडे भोकांत ठोकताना एवढे गच्च बसले की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मिस्त्री आला. त्याने खुर्चीवरून हात फिरवला, सांधे ठोकून पाहिले. "रंग काळा आलाय जरा."

"त्याल जास्त झालं, चाचा."

चोराच्या मनात चांदणं. पण मिस्त्री नुसता हं म्हणाला आणि खुर्चीवर बसला. त्या दिवसापासून येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगू लागला, "हनमंतानं केलीय. हात हाय पोराला." चाळिशीच्या माणसाला पोर म्हणतो, यातही काहीतरी असणार, असं हनुमानला वाटलं.

वैशाखात पत्रा तापला आणि खुर्ची कुरकुरू लागली. हनुमान कान देऊन ऐकायचा. म्हातारा मुद्दाम हलतोय, सांधे खिळखिळे करून नाव आपलं घालवणार, म्हणून तो मिस्त्रीच्या बसण्यावरच पाळत ठेवू लागला. खुर्ची तपासायचं काही त्याला सुचलं नाही. एका दुपारी मिस्त्री उठायला म्हणून एका अंगावर रेलला, आणि खुर्ची चारी बाजूंना निखळली. मिस्त्री उजव्या हातावर पडला. मनगट मोडलं.

बीडला प्लास्टर झालं. दुकान बंद राहिलं. आठ दिवसांनी हनुमान भीत भीत घरी गेला, तर दारात अकबरीचाची, मिस्त्रीची बायको, हळूच म्हणाली, "हाताचं काय न्हाई, बाबा. पर कुणाशी बोलंनात. काम सोडतो म्हणत्यात."

मिस्त्री बाजेवर बसला होता. त्याने हनुमानला जवळ बसवलं, आणि आजवर बोलला नव्हता एवढं बोलला.

"पाय वल्ला पायजे अन् दांडा वाळल्याला. पाय वाळताना आवळतो, दांड्याला मुठीत धरल्यावानी धरतो. मंग जल्मात सुटत न्हाई. म्हणून तर आतल्या खोलीतले पाय मी भिजल्या पोत्यात ठेवतो. तुझं लाकूड गालाला लावूनच दिलतं म्या. तरी दांडे सुटले. म्हंजी मला वल्लं-वाळलं कळंना झालं. लई बोललो तर शिकणाऱ्याचा हात शिकत न्हाई, म्हणून गप ऱ्हात होतो. आता काय शिकवू?" तो थांबला. "तुझी पहिली खुर्ची म्या वाया घालवली. माफ कर मला. हत्यारं समदी तू ने."

गप्प बसलं तर हत्यारं आपली, आणि कुणाला कधीच कळणार नाही. बोललं तर हा दरवाजा कायमचा बंद, आणि शिकलेलं अर्धवट. पण आयुष्यभर जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसाला समोरचा म्हातारा स्वतःवरच संशय घेताना बघवेना.

"चाचा, तुमी दिलेलं लाकूड लावलंच न्हाई म्या. पाय माझ्या घरचे, वाळल्याले. दांडे तुमच्या वल्ल्या लाकडाचे."

"कावून?"

"वाटलं, तुमी मला फसवताय."

मिस्त्रीने चाचीला आतून एक ओला आणि एक वाळलेला असे लाकडाचे दोन तुकडे आणायला सांगितले. डाव्या हाताने एकेक गालाला लावून डोळे मिटले. "हे वल्लं. हे वाळल्यालं." चाची हो म्हणाली. मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि खरं सांगायला आपण दोन महिने उशीर केला, हे हनुमानला पुरतं कळलं.

"प्लास्टर निघालं की ये," मिस्त्री एवढंच म्हणाला.

मृगात दुकान उघडलं. मिस्त्रीने हनुमानच्या नव्या खुर्चीसाठी पाय आणि दांडे काढले, आणि देण्याआधी डाव्या हाताने प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने आपली वाकडीतिकडी सही केली. पन्नास वर्षांत त्याने चेल्याला दिलेल्या लाकडावर कधी खूण केली नव्हती. संध्याकाळी तो दुकान बंद करताना सह्या मोजायचा.

हनुमानला यात काहीच संशयास्पद वाटलं नाही. शेवटचा रंधा मारला की सही जाणार होती. ती वेळ आली त्या दिवशी त्याने रंधा लाकडावर टेकवला, मग उचलला, आणि आधी मिस्त्रीला सही बघायला बोलावलं.