उशीचं ऑपरेशन

परदेशी जायची बॅग सिस्टरबाईंनी तीन आठवडे आधीच भरली होती, आणि तेव्हापासून अकरा वेळा उपसली होती. सगळं पलंगावर मांडायचं, बोट लावून मोजायचं, यादीशी ताडायचं आणि पुन्हा कोंबायचं. त्यांचे यजमान, निवृत्त भूगोलमास्तर, दारात उभे राहून ही मोहीम बघत.

"अगं, दीड महिन्यासाठी चालली आहेस. हातमोजे बारा डझन?"

"तिथं धुऊन धुऊन वापरतात म्हणे."

"आणि हा खडूचा तुकडा? तिथं खडूसुद्धा नाही?"

"तो यादीत नाही. असू दे."

सिस्टरबाई चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, आणि आता एक सेवाभावी संस्था त्यांना एका गरीब देशातल्या छोट्या दवाखान्यात पाठवणार होती. हर्निया, गाठी, दुभंगलेले ओठ, असली ऑपरेशनं दीड महिना रांगेनं. लसी टोचून झाल्या होत्या. तिकीट आलं होतं. राहिलं होतं एकच: जुन्या सर्जनचं पत्र, की या बाई अजूनही हे काम करू शकतात.

गोची तिथंच होती. कारण सिस्टरबाईंना स्वतःलाच ते माहीत नव्हतं. महिन्याभरापूर्वी कपाटाची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली होती. मास्तर आठवडाभर हसले. बाई हसल्या नाहीत. किल्ली हरवली तर कपाट फोडता येतं, पण तिकडं कुणाच्या पोटात काही राहिलं तर?

त्या दुपारी सर आले. सव्वीस वर्षं ज्यांच्यासमोर उभं राहून बाईंनी हत्यारं दिली, ते हे सर. पूर्वी ते नुसते खाकरले तरी वॉर्ड उभा राहायचा. आता जिना चढताना तेच दोनदा थांबले. उजवा हात थरथरत होता, म्हणून तो त्यांनी खिशात ठेवला होता.

"आणा कागद. काय लिहायचंय? उत्तम, अनुभवी, प्रामाणिक, वगैरे वगैरे ना?" सरांनी डाव्या हातानं पेन काढलं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

सर हसले. अख्खं हॉस्पिटल या बाईंना मागून 'थांबाबाई' म्हणायचं. ऑपरेशनात रक्त टिपायला गॉजच्या घड्या लागतात. त्यांच्या पाच-पाचच्या जुड्या बांधायच्या, आकडा फळ्यावर खडूनं लिहायचा आणि शिवण्याआधी सगळ्या परत मोजायच्या. आकडा जुळला की बाई "बरोबर" म्हणत; एक जरी कमी भरली तरी "थांबा", मग समोर कुणीही असो.

"खोटं पत्र नको मला," बाई म्हणाल्या. "आधी परीक्षा घ्या. चुकले तर मी तिकीट परत पाठवते."

"कुणावर घेऊ परीक्षा? मास्तरांवर?"

"मी आत्ताच जेवलोय," मास्तर घाईघाईनं म्हणाले.

शेवटी पेशंट म्हणून मास्तरांची लाडकी उशी निघाली. गुबगुबीत, कापसाची, मानेला बरोब्बर बसणारी. "एका बाजूची शिवण फक्त उसवायची हं," या अटीवर त्यांनी ती दिली. जेवणाच्या टेबलावर चादर, चादरीवर उशी. भिंतीवर मास्तरांचा शाळेतला गुंडाळी फळा टांगला. पेपर तपासायची लाल शाई होतीच, तिचं रक्त झालं. मास्तरांना भूल द्यायचं काम मिळालं. गरम पाण्याची रबरी पिशवी हातात धरून ती भुलीच्या फुग्यासारखी श्वासाच्या लयीत दाबत राहायची. दाबता दाबता पाचव्या मिनिटाला त्यांचीच मान कलली. पेशंट टक्क जागा आणि भूलवाला घोरतोय, असं ते ऑपरेशन सुरू झालं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: २०. चार जुड्या.

"चिमटा," सर म्हणाले. चिमटा त्यांच्या तळहातावर पडला होता. बोलायच्या आधीच. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, पण दोघांनाही एकदम ते सगळं आठवलं. हिरव्या कापडाचा उकळल्यासारखा वास, दिव्याची घरघर, खिडकीबाहेर कुणाचा तरी रेडिओ, आणि पहाटेच्या ऑपरेशननंतर एकाच किटलीतला कडू चहा. सरांचा हात थरथरत होता, तरी शिवण नीट उसवली गेली. मध्येच चष्मा घसरला. त्यांनी तो काढला, पुसला, पुन्हा चढवला. पूर्वी यासाठीसुद्धा वेगळी नर्स असायची.

"आता शिवू या," सर म्हणाले.

बाईंनी मोजलं. पाच, दहा, पंधरा... एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीस.

"थांबा. एक कमी आहे."

"जुडीतच चार असतील, सिस्टर."

"जुडी मी बांधलीय."

"किल्लीही तुम्हीच ठेवली होतीत म्हणे," सर बोलून गेले आणि जीभ चावली. मास्तरांनी फोनवर चुगली केलेली होती तर!

बाईंनी आधी सरांच्या चपला उलट्या करून पाहिल्या. त्याला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी अशीच एक घडी कमी भरली होती. सर तणतणले होते, भूलवाले डॉक्टर घड्याळ दाखवत होते, पण बाई हलल्या नाहीत. तासाभरानं घडी सापडली ती सरांच्याच बुटाच्या तळव्याला चिकटलेली. दुसऱ्या दिवशी सरांनी एक शब्दही न बोलता खडूंची अख्खी पेटी त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. बॅगेतला तुकडा त्या पेटीतला शेवटचा.

आज चपलेखाली काही नव्हतं. टेबलाखाली नव्हतं. मास्तरांच्या मांडीवर नव्हतं. राहता राहिली उशी.

"पूर्ण उघडा," बाई म्हणाल्या.

"अहो, पांढऱ्या कापसात पांढरी घडी कशी सापडणार?"

"पोटात तरी कुठं पाटी लावलेली असते?"

दोघांनी कोपरापर्यंत हात घातले. मूठ मूठ कापूस निघाला, टेबलावर, खुर्च्यांवर, जमिनीवर. वर पंखा चालू आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. दोन मिनिटांत खोलीत ढग उतरले. मास्तरांना पांढरी दाढी फुटली, भुवया झाडासारख्या वाढल्या, पण पिशवी छातीशी धरून ते गाढ घोरत राहिले. शेवटी खोळ उलटी केली. रिकामी.

बाई खुर्चीत बसल्या.

"सर, पेन ठेवा खिशात. माझीच मोजणी चुकली. जुडीत चारच असणार. बरं झालं, इथंच कळलं."

ही बाई "माझी चुकली" म्हणताना सरांनी सव्वीस वर्षांत ऐकली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, खिशातून रुमाल ओढला आणि डोळे पुसले. मग नाक पुसलं. नाक लालभडक झालं.

बाई बघतच राहिल्या. सरांच्या हातात रुमाल नव्हता. एका टोकाला लाल शाई लागलेली विसावी घडी होती. मघाशी चष्मा पुसायला हाताला लागेल ते उचललं, आणि सवयीनं खिशात गेलं.

बाई आधी हसल्या नाहीत. त्यांनी चिमट्यानं ती घडी सरांच्या बोटांतून काढून घेतली, बाकीच्यांशेजारी ठेवली आणि बोट लावून पुन्हा सगळ्या मोजल्या. फळ्यावरच्या वीसपुढे खूण केली.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

आठ वर्षांत सरांच्या कानावर हा शब्द पडला नव्हता. त्यांचा हात आपोआप पुढं आला. "सुई." सुई आली. ते रिकामी खोळ शिवायला लागले. हात थरथरला तेव्हा बाईंनी मनगटाखाली दोन बोटं धरली. पाच टाके झाले. तिरके होते, पण पक्के.

मग दोघं इतके हसले, की मास्तर जागे झाले.

"झालं? कसा आहे पेशंट?" त्यांनी दाढीतून विचारलं.

"पेशंट गेला हो," सर म्हणाले. "पण आत काही राहिलेलं नाही. मी खात्री देतो."

पत्र सरांनी उजव्या हातानंच लिहिलं. अक्षरं डोंगर चढत वर गेली. उत्तम, प्रामाणिक, असलं काही त्यात नव्हतं. एवढंच होतं: 'या बाई थांबा म्हणाल्या, की थांबावं. मी एकदा वाद घातला होता. आज दुसऱ्यांदा घातला.' खाली सही, आणि सहीवर नाकावरच्या शाईचा ठिपका.

सर जिना उतरले. बाईंनी बाराव्यांदा बॅग उघडली आणि यादीच्या तळाशी लिहिलं: खडू, एक.

मास्तर चपटी खोळ हातात घेऊन उभे होते.

"अगं, दीड महिना मी कशावर झोपू?"

"रबरी पिशवी आहे की," बाई म्हणाल्या. "मघाशी छान झोप लागली होती."