हेटीटोल्याच्या पाण्यातलं शिसं

नव्या यंत्राने एक्केचाळीस दाखवले, तेव्हा दामिनी चुनारकरला वाटलं, बाटलीच नीट धुतलेली नसेल. तिने आधी शुद्ध पाणी तपासून पाहिलं. शून्याच्या जवळ. मग ग्रामपंचायतीकडून नेहमीच्या तपासणीला आलेलं हेटीटोला वस्तीच्या हातपंपाचं पाणी पुन्हा लावलं. चाळीस.

चंद्रपूरच्या त्या खासगी प्रयोगशाळेत हे यंत्र येऊन तीनच आठवडे झाले होते. पाण्याचा बारीक फवारा प्रचंड तापलेल्या वायूत सोडून ते एकेका धातूचे कण मोजायचं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम. इथे चौपट.

तिने जुनी फाईल काढली. त्याच हातपंपाचा दोन वर्षांपूर्वीचा अहवाल. ‘शिसे : आढळले नाही.’ खाली तिचीच सही. तेव्हा गोंडपिपरीकडून बसने पाण्याची बाटली घेऊन सुकरीबाई आली होती. दीपिका नावाच्या नातीचं पोट सारखं दुखायचं, म्हणून. “पाणी चांगलं आहे,” असं दामिनीने तिला तोंडाने सांगितलं होतं.

“अहवाल चूक नव्हता,” प्रयोगशाळेचे प्रमुख प्रफुल्लभाऊ म्हणाले. “जुन्या यंत्राले पन्नासच्या खालचं दिसतच नव्हतं.”

“मग आपण तसं लिहायचं होतं ना, भाऊ. आपण तर नाईच म्हणून मोकळे झालो.”

प्रफुल्लभाऊंनी जुना अहवाल फाईलमध्ये ठेवला. म्हणाले, “नमुना नागपूरले पाठवतो. पंधरा दिवसांत खात्री होईल. तोवर बोलू नको कोणाले.”

पंधरा दिवस. दामिनी टेबलाशी बसली, उठली, धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुतल्या. दीपिका आता किती वर्षांची असेल, याचा हिशेब डोक्यातून जाईना. सात. दुसऱ्या दिवशीची रजा टाकून तिने बारा रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या. प्रफुल्लभाऊंनी पिशवीकडे पाहिलं, पण अडवलं नाही.

गोंडपिपरीत भावाकडे मुक्काम करून ती भल्या पहाटे स्कूटीने निघाली. टोल्यात पोचली तेव्हा नुकतं फटफटलं होतं आणि हातपंपाला अजून कोणी हात लावला नव्हता. सुकरीबाई पाण्याचा गुंड, म्हणजे मोठी घागर, घेऊन येत होती. तिने दामिनीला लगेच ओळखलं.

“सुकरीबाई, पाण्यात शिसं निघालं. मी तेव्हा चांगलं आहे म्हणाले, ते बरोबर नव्हतं. आमच्या यंत्राला तेवढं दिसत नव्हतं.”

सुकरीबाईने गुंड खाली ठेवला. “दिसत नोतं, त मले तसं काऊन नाई सांगितलं? मी दुसरीकडून पानी आनलं असतं. नदी का लई दूर हाय?”

दामिनीने पिशवी उघडली. तिने बाटल्या काढल्या. पहिल्या धारेची एक भरली. मग सुकरीबाई दांडा मारत राहिली आणि पाच-पाच गुंडांनंतर दामिनी एकेक बाटली भरत गेली. बायका जमल्या, रांग वाढली, कुरबुर झाली. सुकरीबाईने त्यांना गोंडीत काहीतरी सुनावलं, तशा त्याही दांड्याला हात लावू लागल्या.

“सकाळी पहिलं पाणी कोण नेतं?” दामिनीने विचारलं.

“मीच. मोहाची फुलं येचाले जातो ना फटफटताच. पानी भरूनच जातो.”

दुपारी चंद्रपूरला पोचताच तिने बाटल्या यंत्राला लावल्या. जेवली नाही. पहिली धार : शहाण्णव. पाच गुंडांनंतर चौतीस. पंधरानंतर सहा. मग पुढे तेवढेच.

म्हणजे शिसं जमिनीत नव्हतं. पंपाच्या पितळी भागांतून ते रात्रभर साचलेल्या पाण्यात उतरत होतं, आणि सगळ्यात वाईट गुंड रोज सुकरीबाईच्या घरी जात होता.

आकड्यांचा कागद पाहून प्रफुल्लभाऊंनी चष्मा काढला. नागपूरची वाट न पाहता त्यांनी सरपंचांना फोन लावला. पंप बदलेपर्यंत सकाळचे पंधरा गुंड पाणी सांडून द्यायचं ठरलं. आठ दिवसांत मिस्त्री सोमाजीने पितळी भाग काढून स्टीलचे बसवले. त्यानंतरची पहिली धार आली चार.

दीपिकाच्या रक्तात मात्र शिसं निघालं. चंद्रपूरच्या दवाखान्यात दामिनी त्या आजी-नातीसोबत रांगेत बसली होती. डॉक्टर म्हणाले, आता चांगलं पाणी मिळालं की हळूहळू उतरेल; पोटदुखी जाईल. पोरगी वर्गात मागे पडते, ते किती भरून निघेल, हे सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर सुकरीबाईने दवाखान्याचा कागद घडी करून पदराला बांधला. दीपिका बाकावर बसून पाय हलवत होती.

“आनखी किती गावांले तू चांगलं हाय म्हून कागद देल्ला?” सुकरीबाईने विचारलं.

“त्रेसष्ट पंप आहेत. यादी काढली आहे. पंधरांचं पाणी पुन्हा आणलं.”

“मंग इथी काऊन बसली हाईस? आमची बस आमाले भेटते. तू जाय.”

दामिनी उठली. दवाखान्याच्या फाटकातूनच तिने यादीतल्या सोळाव्या गावाच्या सरपंचांना फोन लावला.