तोंडातली नावं

टिशू पेपरच्या चौकोनावरचा तो करडा, वाळलेला गोळा श्रद्धा मॅडमनी पुन्हा एकदा सगळ्यांसमोरून फिरवला, आणि कपडे बदलायच्या खोलीतली अकरा माणसं आपापल्या बुटांवरची निळी आवरणं निरखत राहिली.

"तीन नंबरच्या टेबलाखाली चिकटवलेलं सापडलं," त्या म्हणाल्या. "इथं इंजेक्शनच्या बाटल्या तपासतो आपण. कोणाच्या तरी रक्तात जाणारं औषध असतं त्यात. चिंगम कोणाचं आहे, एवढंच विचारतेय."

दिवसाच्या पाळीत तीन नंबरला कपिल बसत असे. रात्रपाळीत दुसरं कोणीतरी. त्यामुळे नजरा त्याच्याकडे वळल्या, पण पुरत्या ठरल्या नाहीत. त्यानं ओठ उघडले.

"कपिलचं नसंल," भागूबाई म्हणाली. ती त्याच्या समोरच्या टेबलावर बसायची. कंपनी कुंभिवलीला आली तेव्हापासून, म्हणजे या खोलीतल्या सगळ्यांच्या आधीपासून.

"कशावरून?"

"त्याच्या तोंडाला सवड कुठं हाय? दिवसभर नाव घेत असतो. मास्क हलताना मी समोरून बघते ना. भैनीचं आपरेशन हाय त्याच्या."

"त्यांच्या समाजात जप असतो का मावशी?" नवीन नावाच्या पोरानं हळूच विचारलं. दोघेजण हसले.

"माणसं असतात ना त्यांच्यात? मग नाव बी असतंच."

हसू विरलं. श्रद्धा मॅडमनी कागद दुमडला. उद्यापासून आत जाताना प्रत्येकाचं तोंड तपासलं जाईल, आणि ज्याच्या तोंडात काही सापडेल त्यानं पुन्हा कंपनीच्या भिसेगावच्या काय, कुठल्याच बसमध्ये चढू नये, एवढं बोलून त्या गेल्या.

कपिलनं भागूबाईकडे पाहिलं. ती केस टोपीत कोंबत होती.

गोळा त्याचाच होता. मेघाच्या, त्याच्या मोठ्या बहिणीच्या, यकृतानं हात टेकले होते. आपल्या यकृताचा तुकडा द्यायला कपिल तयार होता. रक्तगट जुळला, वय जुळलं, पण त्याच्या यकृतावरच चरबी निघाली. तीन महिन्यांत नऊ किलो उतरवा, मग पाहू, असं डॉक्टर म्हणाले होते. भात बंद, साखर बंद, तळलेलं बंद. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी एक नाचणीची भाकरी आणि काकडी, रात्री मुगाचं कढण. आहाराच्या या कागदानिशी बारा तासांची पाळी काढायची, तर जबड्याला काहीतरी काम देणं भाग होतं. बिनसाखरेचं चिंगम एकदा तोंडात टाकलं की चहाच्या सुट्टीपर्यंत पुरायचं. चव पंधरा मिनिटांत संपायची, पण चावणं उरायचं. भुकेला फसवायला चावणंही पुरतं. परवा मॅडम अचानक समोर उभ्या राहिल्या, नाव विचारलं, आणि त्यानं वळून, मास्क किंचित उचलून, तो गोळा टेबलाखाली दाबला. ते हाताचं काम होतं, विचाराचं नव्हतं. पुढे तो दोन दिवस विसरूनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या तोंडानं बसला. डाव्या हातात दोन बाटल्या, उजव्या हातात दोन. मानेला धरून उलट्या करायच्या, काळ्या पडद्यासमोर पाच सेकंद, पांढऱ्यासमोर पाच सेकंद. स्वच्छ पाण्यासारख्या औषधात एखादा तंतू, काचेचा कण, काहीतरी तरंगतंय का ते पाहायचं. जिथं काही नाही तिथं दिवसभर रोखून पाहत राहण्याचं हे काम. आणि साडेनऊच्या सुमारास त्या निर्मळ पोकळीत त्याला वाफाळता भात दिसू लागला. अकरापर्यंत त्यानं दोन चांगल्या बाटल्या बाद केल्या. सुट्टीत तो वडापावच्या गाडीपर्यंत गेला, गरम तेलाच्या वासात उभा राहिला आणि परतला. उद्या परतता येईल याची त्याला खात्री वाटेना.

भागूबाई नळावर हात धूत होती.

"आज गप हायस तू. मास्क हलला नाय."

त्यानं शेजारचा नळ सोडला.

"नाव सुटलं का रं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण तिनं काल सगळ्यांसमोर जे सांगितलं ते खोटं पाडायचं, तर तिला खोटं पाडावं लागणार होतं. त्यानं मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

"मग माझं घे. मी काय देवाचं घेत नाय. देव इतका वेळ ऐकत नाय." तिनं पदराला हात पुसले. "ज्यानं ज्यानं मला जेवायला घातलं ना, त्याचं नाव. एका बाटलीला एक. कशेळ्याला माझं माहेर, तिथून सुरू करते. पारू आत्या, हिरूची आई, एसटीतला तो कंडक्टर, त्यानं एकदा अर्धी भाकर दिलेली. त्याचं नाव ठाऊक नाय, मग कंडक्टर म्हनायचं. संध्याकाळपोत सरत नाय बघ यादी."

"मला भुकेचंच तर दुखणं आहे, मावशी. जेवणाची आठवण काढून कसं व्हायचं?"

"जेवान आठव कोन म्हनलं? माणूस आठव."

त्या दुपारी त्यानं मास्कआड ओठ हलवून पाहिले. येसूबाई. आजीचं नाव घेताच नाकात खेकड्याचं कालवण आलं आणि तोंडाला इतकं पाणी सुटलं की ते गिळावं लागलं. गजाकाका म्हणताच तांदळाची भाकरी, बोटं भाजणारी. आठवडाभर हे असंच चाललं. प्रत्येक नावामागून एक ताट यायचं आणि त्याला छळून जायचं. मग हळूहळू ताटं पुसट होऊ लागली. कालवण गेलं, वाढणारा हात राहिला. त्या हातावरची भाजल्याची खूण राहिली. आपल्याला इतक्या लोकांनी भरवलं आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. शाळेतल्या खिचडीचा तळाचा भाग त्याच्यासाठी राखणाऱ्या अंबूबाई. परीक्षेच्या दिवशी गूळ-शेंगदाणे देणारे शेजारचे मालोजीमामा. आणि मेघा. तिचं नाव कितव्या बाटलीला घ्यायचं ते ठरेना. कारण ती कधी स्वतंत्र वाढायचीच नाही, फक्त आपल्या ताटातलं अर्धं त्याच्या ताटात सरकवायची आणि म्हणायची, मला आज नको झालंय. इतकी वर्षं त्यानं ते खरं मानलं होतं. शेवटी त्यानं तिला प्रत्येक दहाव्या बाटलीला घ्यायचं ठरवलं. चार बाटल्या काळ्यासमोर, चार बाटल्या पांढऱ्यासमोर, आणि त्या दोन रंगांच्या मध्ये कुठंतरी भूक, नेहमीसारखीच, पण आता ओळखीची होऊन बसलेली.

तेराव्या आठवड्यात डॉक्टरांनी पडद्यावरची चित्रं दोनदा पाहिली. साडेनऊ किलो उतरले होते. यकृत स्वच्छ होतं. पुढच्या महिन्याची नऊ तारीख ठरली.

सकाळी रजेचा अर्ज घेऊन तो श्रद्धा मॅडमच्या केबिनमध्ये गेला. त्यांनी सही केली, कागद परत केला. तो तिथंच उभा राहिला.

"मॅडम, ते चिंगम माझं होतं."

"माहीत आहे."

त्यानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"मी विचारलं त्याच संध्याकाळी भागूबाई येऊन सांगून गेल्या. म्हणाल्या, पोराचं तीन महिन्यांचं काम आहे, तेवढं होऊ द्या. मग काढायचं तर दोघांना काढा." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "टेबलाखाली होतं म्हणून ऐकलं मी. बाटलीत असतं तर कोणाचंच ऐकलं नसतं. जा आता. बहिणीला जपा."

दुपारच्या चहाची सुट्टी संपत आली होती. आतल्या कक्षाकडे जाणाऱ्या दुहेरी दारांच्या अलीकडे भागूबाई एकटीच होती, पायांत आवरणं चढवत. तिचा एक गुडघा नीट वाकत नसे. कपिल खाली बसला आणि तिच्या दुसऱ्या बुटावर त्यानं आवरण ओढलं. तिनं नको म्हटलं नाही.

"मावशी, नऊ तारीख ठरली."

"मॅडमनी सांगितलं मघाशी." ती हसली. "बरं झालं. लई बरं झालं, पोरा."

तो उठला नाही. खाली बसूनच त्यानं विचारलं, "तुमाला पयल्यापासून ठाऊक होतं ना? माझ्या तोंडात काय होतं ते?"

भागूबाईनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि ती उभी राहिली. हात थोडा वेळ तिथंच ठेवला. मग मास्क नाकावर ओढला, पहिलं दार ढकललं, ते मागं पुरतं मिटेपर्यंत थांबली, आणि दुसऱ्या दारातून आत निघून गेली.