कांद्याच्या वाफ्यावरचा मध

भर उन्हाळ्यात आमच्या मळ्याला दोन मालक झाले. एक मी, आणि दुसऱ्या ह्यांच्या मधमाश्या. हे त्यांना ‘पोरी’ म्हणतात. लग्न झाल्यापासून मला मात्र “अगं” सोडून दुसरी हाक मिळालेली नाही.

पेट्या खरं तर माझ्या नणंदेच्या. गुडघे कुरकुरायला लागले तशा वन्संनी त्या भावाकडे धाडल्या आणि बजावलं, “एक उन्हाळा बघेन. मध चाखेन. नाही पटलं तर पेट्या परत नेईन. पेटी घराने सांभाळायची असते, एकट्याने नाही.” तेव्हापासून ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला बघायला आले तेव्हासुद्धा हा माणूस इतका घाबरला नव्हता.

काकडी, दोडका, टोमॅटो माझ्या ताब्यात. कांद्याचा वाफाही माझाच, पण त्याला डेंगळे आले आणि वर पांढरे गोंडे फुलले. फुलावर आलेला कांदा आतून लाकूड होतो, म्हणून मी उपटायला बसले, तर हे आडवे आले.

“थांब. पोरी जेवतायत.”

“आणि आपण काय खायचं?”

“दोडका आहे की.”

उरलेला उन्हाळा आम्ही दोडका खाल्ला. मी पेट्यांच्या नावाने बोटं मोडली. वन्सं कधी एकदा त्या घेऊन जातात असं झालं होतं मला, खोटं कशाला बोलू?

मध काढायचा दिवस आला. ह्यांनी चौकटींवरचं मेण सुरीने उतरवलं, चौकटी यंत्रात बसवल्या, मी दांडा फिरवला. सोनेरी धार लागली, हे हरखले. मग मी वास घेतला. मग ह्यांनी घेतला.

“अगं, कांदा येतोय का वासाला?”

“छे,” मी म्हणाले. येत होता, चांगला घमघमत होता. हे मटकन खाली बसले आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

वन्संनी चमचा तोंडात घातला. चेहरा मख्ख. हे डोळ्यांत प्राण आणून बघत होते, हातातली गाळणी पायावर ठिबकत होती. त्यांचं ते तोंड मला बघवेना. पेट्या आता मलाच जायला नको होत्या.

“कांदा?” वन्संनी विचारलं.

“माझं चुकलं, वन्सं. बियांसाठी वाफा मीच राखला. हे ‘उपट, उपट’ म्हणत होते.”

ह्यांनी आ वासला.

“तू राखलास?” वन्संनी चमचा चाटून खाली ठेवला. “एक पिवळं पान दिसलं तरी खुडून टाकणारी तू.” मग त्या भावाकडे वळल्या. “बरण्या झाकून ठेव, वास जातो हळूहळू. पेट्या राहू देत इथेच. आता सांभाळायला दोघं आहात.”

त्या गेल्यावर मी खुरपं घेऊन वाफ्याकडे निघाले. मागून ह्यांनी मला हाक मारली. चक्क नावाने.

“थांब ना,” हे म्हणाले. “पोरी जेवतायत.”

मी खुरपं ठेवलं आणि दोडके तोडायला गेले.